वेळासला दोन रात्री: कासवं, काकूंचा होमस्टे आणि खाडीतल्या निवट्या

गेल्या आठवड्यात आम्ही तिघं, म्हणजे मी, नऊ वर्षांची लेक आणि माझे वडील (त्यांना घरीदारी सगळे आप्पाच म्हणतात), पुण्याहून रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला, समुद्री कासवांची पिल्लं अंड्यातून निघून समुद्रात जाताना बघायला, जाऊन आलो, आणि आल्यापासून इतक्या जणींनी विचारलंय की कसं आहे, कासवं दिसली का, पोरांना न्यावं का, राहायची सोय बरी आहे का, की म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून टाकावं. मोठं होणार आहे, वाचायचा कंटाळा असेल तर एवढंच घ्या, जा, पण दोन रात्री हातात ठेवून जा आणि गावातल्या घरातच उतरा.

आधी गॅरंटीचं बोलते कारण सगळ्यात जास्त तेच विचारतात. कासवं दिसतीलच असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाहीये. पिल्लं अंड्यातून कधी निघणार ते वाळूच्या गरमीवर ठरतं, अंडी घातल्यापासून साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, म्हणजे गावातल्या लोकांनासुद्धा अंदाजच बांधावा लागतो. गेल्या वर्षी आम्ही एका टूरवाल्यांबरोबर गेलो होतो, नाव घेत नाही, त्यांनी "शंभर टक्के दर्शन" सांगून पैसे घेतले, रात्रभर बसमधे बसवलं, आणि आम्ही किनाऱ्यावर पोचलो तेव्हा सकाळचे साडेआठ वाजून गेले होते, पिल्लं सातलाच समुद्रात गेलेली. वर त्यांचा माणूस तिथल्या कासवमित्रांना (कासवांची अंडी राखणाऱ्या गावातल्या मुलांना) म्हणतो की एखादं घरटं उकरून दाखवा ना, लोक लांबून आलेत. मला त्या दिवशी खरंच लाज वाटली. कासवमित्र दादांनी शांतपणे नाही म्हणून सांगितलं आणि आम्ही दुपारी जेवून परत. म्हणून ह्या वेळी ठरवलं होतं की कोणाच्या पॅकेजमधे जायचं नाही, आपण आपलं गावात फोन करून जायचं.

रस्ता: ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा करत बागमांडल्याला यायचं, तिथून गाडीसकट फेरीबोटीनं पलीकडे वेश्वीला उतरायचं, मग बाणकोटवरून वेळास. बोटीचा तो पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास लेकीला इतका आवडला की येताना तिनं तेवढ्यासाठीच दुसऱ्या रस्त्यानं जाऊ दिलं नाही. पुढचा रस्ता अरुंद आहे, वळणं आहेत, अंधार पडायच्या आत पोचा.

आता घर. आम्ही उतरलो त्या काकूंचं घर जुनं, कौलारू, पुढे लांबलचक पडवी, मागे सुपारीची वाडी आणि विहीर. पाहुण्यांसाठी दोन खोल्या आणि वर माडी. हॉटेल समजून जाऊ नका, संडास-बाथरूम घराच्या मागच्या बाजूला आहे (स्वच्छ आहे, पण रात्री टॉर्च घेऊन जावं लागतं), एसी नाही, लाईट दोनदा गेली. गाद्या पातळ आहेत, आप्पांची कंबर पहिल्या रात्री धरली, सकाळी सांगितल्यावर काकूंनी न बोलता आणखी दोन गाद्या आणून टाकल्या, पण हे आधीच विचारलं असतं तर बरं झालं असतं, वयस्कर माणूस दिसत होताच की. मोबाईलला रेंज पडवीच्या एकाच कोपऱ्यात येते. हे सगळं चालणार नसेल तर हरिहरेश्वरला हॉटेलं आहेत, तिथे उतरून या, पण मग सकाळच्या सहाला निघून पहिली बोट पकडायची दगदग होते आणि अर्धी मजा तिथेच जाते.

जेवणाला मात्र तोड नाही. सकाळी घावन आणि ओल्या नारळाची चटणी, दुपारी तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, कच्च्या फणसाची भाजी, सोलकढी, दुसऱ्या दिवशी आदल्या रात्री सांगून ठेवलं म्हणून उकडीचे मोदक. तूप वाढताना काकू विचारत नाहीत, वाढतात. आमच्या घरी शाकाहारीच होतं, मासे हवे असतील तर बुकिंग करतानाच विचारा, सगळ्या घरांत करत नाहीत. पैशाचं म्हणाल तर माणशी दर ठरलेला असतो, त्यात दोन्ही वेळचं जेवण, नाश्ता, चहा सगळं येतं, फोनवर आधी बोलून घ्या. आणि हा पैसा थेट गावातल्या घरांत जातो हे लक्षात ठेवा, ह्या गावात कासवं का टिकली त्याचं निम्मं उत्तर त्यात आहे.

पहिल्या संध्याकाळी काहीच निघालं नाही. किनाऱ्यावर जाळीचं कुंपण घातलेली हॅचरी आहे, आत ओळीनं घरटी, प्रत्येकावर बांबूची टोपली पालथी घातलेली आणि शेजारी पाटी, कुठल्या तारखेला सापडलं, किती अंडी. किनाऱ्यावर मादी जिथे अंडी घालून जाते तिथून कासवमित्र ती काढून आणतात आणि इथे तसाच दीड-दोन फुटाचा खड्डा करून पुरतात, कारण उघड्यावर राहिली तर कोल्हे, कुत्री आणि पूर्वी माणसं, कोणी ठेवत नव्हतं. अंडी हलवताना लवकर हलवावी लागतात आणि उलटीपालटी न करता, आत गर्भ कवचाला चिकटायला लागला की नंतर फिरवलं तर तो मरतो. हे सगळं तिथल्या कासवमित्र दादांनी एकेक टोपली उचलत, खाली बघत, परत ठेवत सांगितलं. सगळ्या टोपल्या झाल्या, एकाही खाली हालचाल नाही. मागे काही मंडळी कुरकुरली, दोघं तर तिथूनच निघाले. त्यांनी थांबायला हवं होतं असं मला वाटतं, कारण दादा त्यानंतर अर्धा तास बोलले आणि ते ऐकण्यासारखं होतं.

त्यांनी सांगितलं की चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं, भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी, २००२ मधे ह्या बाजूला समुद्री गरुडाच्या अभ्यासासाठी फिरत होती, तेव्हा त्यांना किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली आणि अंडी चोरली जातात हे कळलं, तिथून हे काम सुरू झालं. गावातलीच मुलं कासवमित्र झाली. २००६ पासून कासव महोत्सव. पुढे वनविभाग आणि त्याचा तिवरांची जंगलं सांभाळणारा कांदळवन कक्षही त्यात आले, आणि आता आंजर्ले, केळशी, दाभोळ, गुहागरपासून खाली सिंधुदुर्गात वायंगणीपर्यंत ठिकठिकाणी अशा हॅचऱ्या आहेत. नाना फडणवीसांचं गाव म्हणून वेळास पूर्वी माहीत असायचं, आता कुणालाही विचारा, कासवांचं गाव म्हणतात.

हे चालू असताना आप्पा गप्प होते. परत चालत येताना म्हणाले, "आमच्या लहानपणी अंडी घरी यायची गं." त्यांचं गाव दापोली तालुक्यात. म्हणाले, पहाटे कोणीतरी टोपली घेऊन दारात यायचा, पिंगपाँगच्या बॉलएवढी पांढरी, मऊ कवचाची अंडी, आई घ्यायची, कोणालाच त्यात काही वावगं वाटायचं नाही. लेक त्यांचा हात धरून चालत होती, तिनं विचारलं, "आप्पा, तुम्ही खाल्ली?" ते हो म्हणाले. तिनं हात सोडला नाही, पण घर येईपर्यंत बोललीही नाही.

आता मला ज्याच्याबद्दल खरं लिहायचंय ते. आमच्या शेजारच्या खोलीत एक मुलगी राहत होती, समुद्री जीवशास्त्रात पीएचडी करतेय, सीझनमधे दोन-तीन महिने काकूंकडेच मुक्काम, सकाळ-संध्याकाळ हॅचरीत नोंदी करायला मदत आणि दिवसा ओहोटीला खाडीत. तिचा मूळ विषय मासे, पाण्यातल्या माशाचं शरीर जमिनीवर चालायला कसं कसं बदलत गेलं ते. काकू तिला "आमची मास्तरीण" म्हणतात. लेकीनं तिला जेवताना इतके प्रश्न विचारले की ती म्हणाली उद्या ओहोटीला चला माझ्याबरोबर, आप्पांना पण आणा. ह्याचे तिनं पैसे घेतले नाहीत, आम्ही देऊ केले तरी नाही, त्यामुळे ह्याला सर्व्हिस म्हणायचं का माहीत नाही, पण ह्या ट्रिपमधली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

बाणकोटच्या खाडीच्या कडेला, तिवरांच्या खाली चिखल. आधी काहीच दिसत नाही. मग ती म्हणाली हलू नका, आणि पाचेक मिनिटांनी चिखलाला डोळे फुटले. खरंच, जोडी-जोडीनं वर आलेले डोळे, मग त्यांच्यामागे बोटभर लांब राखाडी अंग. निवट्या, म्हणजे चिखलावर चालणारे मासे. आप्पा लगेच म्हणाले, ह्यांचं कालवण काय लागतं माहितीये का! पण मग तेही वाकून बघायला लागले. निवटी पुढच्या दोन परांवर अंग उचलते, पुढे टाकते, परत उचलते, कुबड्या घेऊन चालणाऱ्या माणसासारखी. मधेच एका कुशीवर लोळून अंग चिखलात ओलं करून घेते, कारण ती कातडीतूनही श्वास घेते आणि कातडी सुकली की संपलं. डोळा कोरडा पडला की तो खाली खोबणीत ओढून घेते आणि ओला करून परत वर काढते, हे लेकीनं वीस वेळा तरी बघितलं. नर पाठीवरचं पर ताठ करून उंच उडी मारतो, मादीचं लक्ष जावं म्हणून. आणि खाली चिखलात बीळ असतं, त्यात अंडी असतात तिथे हवा नसते, तर ही तोंडात हवा भरून घेऊन जाते आणि बिळात सोडून येते. पुन्हा पुन्हा. आप्पा म्हणाले मी सत्तर वर्षं ह्यांना खातोय आणि मला हे कोणी सांगितलं नाही.

लेकीचा प्रश्न होता की मग ही निवटी हळूहळू बेडूक होणार का. ताईनं (लेक तिला ताई म्हणायला लागली होती) सांगितलं की नाही, आणि आपण निवटीपासूनही आलेलो नाही, ती फांदीच वेगळी, तिच्या परात आपल्या हातासारखी हाडं नसतात. जे मासे खरंच जमिनीवर आले त्यांच्या परात तशी हाडं होती. मग तिनं काडीनं ओल्या वाळूवर काढून दाखवलं, आधी एक हाड, पुढे दोन, पुढे बारीक बारीक गोट्यांसारखी, आणि पुढे बोटं. लेकीला म्हणाली आपला दंड चाचप, एक हाड, कोपराच्या पुढे दोन, मग मनगट, मग बोटं. मग म्हणाली उद्या पिल्लू निघालं तर त्याच्या वल्ह्यासारख्या हाताकडे नीट बघ, आत हेच आहे, एक, दोन, बारीक, बोटं. कॅनडाच्या उत्तरेला बर्फाळ एल्समिअर बेटावर २००४ मधे टिकटॅलिक नावाच्या माशाचे जीवाश्म सापडले, साधारण ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचे, अंगावर खवले, पर आहेत, पण परात मनगटासारखी हाडं आणि मान वळवता येणारी. आणि सीलाकँथ नावाचा मासा, जो डायनासोरांबरोबरच संपला असं धरून चालले होते, तो १९३८ मधे दक्षिण आफ्रिकेत मच्छीमारांच्या जाळ्यात आला, तिथल्या छोट्या म्युझियममधल्या मार्जरी कोर्टनी-लॅटिमर ह्यांनी तो वेगळा आहे हे ओळखलं म्हणून जगाला कळलं. त्याच्याही परात मांस आणि हाडं आहेत.

आणि मग तिनं जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून अजून जात नाहीये. मासा जमिनीवर आला, त्यातून पुढे सरपटणारे प्राणी झाले, त्यांचं अंडं जमिनीवरचं झालं, आणि मग त्यांच्यातलं एक, कासव, परत समुद्रात गेलं. बरगड्या पसरून पाठीचं कवच आधीच झालेलं होतं, आता हाताचं वल्हं केलं, पण दोन गोष्टी त्याला बदलता आल्या नाहीत, फुफ्फुसं आणि अंडं. श्वासाला वर यावंच लागतं आणि अंडी घालायला वाळूत यावंच लागतं. ह्या दोन्ही ठिकाणी ते आपल्या हातात सापडतं. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलं की वर येता येत नाही म्हणून ते चक्क बुडून मरतं, समुद्रातला प्राणी असून. आणि किनाऱ्यावर आलं की अंडी जातात. जाळं कापून कासव सोडणाऱ्या मच्छीमाराला २०१८ च्या शेवटापासून महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते, ही योजना तिनं दोनदा सांगितली, कोणी मच्छीमार ओळखीचा असेल तर सांगा म्हणाली, म्हणून मी पण इथे लिहितेय.

रात्री पडवीत बसून उरलेल्या गप्पा. २५ जानेवारी २०२२ ला ह्याच वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर, ती कुठे जाते ते कळावं म्हणून, सॅटेलाइट टॅग बसवला, पश्चिम किनाऱ्यावरची अशी पहिलीच म्हणून नाव प्रथमा. मग आंजर्ल्याची सावनी, गुहागरच्या रेवा, वनश्री, लक्ष्मी. भारतीय वन्यजीव संस्थेचे सुरेश कुमार आणि कांदळवन प्रतिष्ठान ह्यांचं ते काम. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि उलटी गोष्ट तर आणखी भारी, ओडिशात गहिरमाथ्याला मार्च २०२१ मधे प्राणी सर्वेक्षण विभागाच्या बासुदेव त्रिपाठींच्या टीमनं वल्ह्यावर ०३२३३ नंबरची धातूची पट्टी बसवलेली मादी २७ जानेवारी २०२५ ला गुहागरला अंडी घालताना सापडली. साधारण साडेतीन हजार किलोमीटर. तोपर्यंत पूर्वेची आणि पश्चिमेची कासवं वेगवेगळी असंच धरून चालायचे. आप्पांनी तो नंबर त्यांच्या डायरीत लिहून घेतला.

तिसऱ्या, म्हणजे निघायच्या दिवशी सकाळी साडेसहालाच गेलो. ओळीतल्या पाचव्या टोपलीखाली वाळू मधोमध खचली होती, वाटीसारखी. दादांनी सगळ्यांना बसायला सांगितलं. काही नाही, काही नाही, मग वाळूचे दोन कण घसरले, आणि एक काळं बोथट नाक. डोळे मिटलेले, नाकावर अंडं फोडायचा बारीक दात. ते थांबलं. तसंच अर्धं बाहेर राहून बराच वेळ थांबलं, आणि मग त्याच्या खालून दुसऱ्यानं ढकलल्यासारखं ते वर आलं आणि मागून तीन, चार, एकदम. दादा म्हणाले आत सगळी मिळून वाळू खाली दाबत दाबत वर येतात, एकट्याचं काम नाही ते. एकतीस निघाली त्या दिवशी. मोजून टोपलीत घेतली, दोरीच्या अलीकडे आम्ही सगळे, पलीकडे ओल्या वाळूवर ती सोडली. पाण्यात नेऊन सोडत नाहीत, चालू देतात, कारण ह्याच किनाऱ्याची खूण त्यांच्यात तेव्हाच पक्की होत असावी आणि मोठी झालेली मादी पुन्हा ह्याच भागात येते. हजारातलं एखादंच एवढं मोठं होतं म्हणतात. एक लाटेनं उलटं झालं, पोटावरचा बलकाचा व्रण दिसला, दुसऱ्या लाटेनं सुलटं होऊन गेलं. लेक वल्ह्याकडे बघत पुटपुटत होती, एक, दोन, बारीक, बोटं.

आप्पा दोरीपाशी उकिडवे बसले होते. शेवटचं पिल्लू जाईपर्यंत उठले नाहीत, मग मला हात द्यावा लागला उठायला.

जाणार असाल तर: फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिलची सुरुवात बरी. निघायच्या आदल्या दिवशी गावात फोन करून कुठल्या घरट्यांचे दिवस भरत आलेत ते विचारा. फ्लॅश लावू नका, पिल्लं उजेडाकडे वळतात. कुंपणाला रेलू नका. दुपारची ओहोटी कधी आहे ते काकूंना विचारा आणि खाडीवर जा, चिखलापासून लांब उभे राहून पाच मिनिटं न हलता बघा, कोणी सांगायला नसलं तरी निवट्या दिसतील. घराला मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा त्या गाद्यांचा कापला.

परत आल्यापासून आप्पा रोज विचारतायत की त्या पाचव्या घरट्यातली बाकीची निघाली का. काल शेवटी दादांना फोन लावून दिला. अजून एकोणीस निघाली म्हणाले, परवा संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. आप्पांनी डायरी उघडली आणि ०३२३३ च्या खाली लिहिलं, ३१ + १९.